बॅटमॅनला तळघरात टाकणाऱ्यांनो, जबाब द्या!

आमचा आरोप आम्ही सुरुवातीलाच मांडतो, म्हणजे वाचकाला तो शोधत बसावे लागणार नाही. ३० सप्टेंबर १९९२ रोजी अमेरिकेतल्या फॉक्स वाहिनीने ‘बॅटमॅन: द अ‍ॅनिमेटेड सीरीज’ या मालिकेचा ‘आयव्ह गॉट बॅटमॅन इन माय बेसमेंट’ हा भाग दाखवला आणि टीव्हीसमोर विश्वासाने बसलेल्या मुलांचा ढळढळीत अपमान केला. या अपमानात शिवीगाळ नव्हती, रक्तपात नव्हता, अश्लीलता तर नव्हतीच. तसे काही असते तर दुसऱ्याच दिवशी पालकांनी आकाशपाताळ एक केले असते. हा अपमान गोड होता, हसरा होता. ‘बाळांनो, तुम्हाला एवढेच कळते, तेव्हा एवढेच घ्या’ असे म्हणत मोठ्यांच्या पंगतीतले उरलेसुरले पोरांच्या पानात वाढावे, त्या जातीचा तो होता, आणि म्हणूनच तो आजवर खपून गेला. आम्ही तो खपवून घ्यायला तयार नाही.

तीस वर्षांपूर्वीच्या बावीस मिनिटांच्या कार्टूनवर अग्रलेख कशाला, असे नाक मुरडणारे भेटतील. त्यांना आमचे उत्तर असे: सभागृहातला ठराव मागे घेता येतो, अंदाजपत्रकातली चूक पुढच्या वर्षी दुरुस्त करता येते, पण आठ वर्षांच्या मुलाने शाळेतून घरी आल्यावर पडद्यासमोर बसून शूरपणाची जी कल्पना मनात रुजवून घेतली, ती कोणत्याही सभागृहाला परत घेता येत नाही. मुलांसाठी जे लिहिले जाते, रंगवले जाते, दाखवले जाते, त्याहून जोखमीचे काम समाज दुसरे करत नाही. ते काम डाव्या हाताने उरकणाऱ्याला जाब विचारलाच पाहिजे, आणि तो विचारायला मुदत लागत नाही.

अपराध केवढा, हे कळण्यासाठी तो कोणत्या घरात घडला ते आधी पाहावे लागेल. एखाद्या भिकार मालिकेत भिकार भाग निघाला असता तर आम्ही लेखणी उचललीच नसती. ही मालिका तशी नव्हती. ब्रूस टिम आणि एरिक राडोम्स्की या दोघांनी ती उभी केली, तेव्हा राडोम्स्कीने एक धाडसी निर्णय घेतला: पार्श्वभूमीची चित्रे पांढऱ्या कागदावर न रंगवता काळ्या कागदावर रंगवायची. त्यामुळे गॉथम शहरात अंधार आधीपासून होता; प्रकाशाला तिथे जागा करून घ्यावी लागत होती. शर्ली वॉकर यांच्या देखरेखीखाली संगीत झाले तेही खऱ्याखुऱ्या वाद्यवृंदाचे. केव्हिन कॉनरॉय या नटाने ब्रूस वेनला एक आवाज दिला आणि बॅटमॅनला दुसरा, आणि दोन्ही आवाज एकाच माणसाच्या दुखऱ्या छातीतून येतात हे मुलांना न सांगता कळले. या मालिकेने मुलांना मोठे मानले होते. आमचा संताप तिथूनच सुरू होतो.

मालिका सुरू झाली ५ सप्टेंबरला. दोनच दिवसांनी, ७ तारखेला, ‘हार्ट ऑफ आइस’ हा भाग दाखवला गेला. लेखक पॉल डिनी, दिग्दर्शक स्वतः ब्रूस टिम. मिस्टर फ्रीझ हा त्याआधी कॉमिकमधला एक दुय्यम, बर्फाची बंदूक घेऊन फिरणारा खलनायक होता. डिनीने त्याला नोरा नावाची बायको दिली, असाध्य आजाराने ग्रासलेली. तिला वाचवण्यासाठी तिचा नवरा, शास्त्रज्ञ व्हिक्टर फ्राइझ, तिला गोठवून ठेवतो आणि औषध शोधत राहतो. गॉथकॉर्प कंपनीचा प्रमुख फेरिस बॉयल खर्च परवडत नाही म्हणून तो प्रयोग बंद पाडतो, फ्राइझला लाथ मारून रसायनांत ढकलतो, आणि पुढे माणुसकीचा पुरस्कार घ्यायला व्यासपीठावर उभा राहतो. त्या दुपारी आठ-दहा वर्षांच्या मुलांना एक अवघड प्रश्न विचारला गेला: सूड घेणारा हा माणूस वाईट आहे काय, आणि असेल तर बॉयल कोण? शेवटी फ्राइझ कोठडीत बसून बायकोची क्षमा मागतो, आणि तिथे भाग संपतो. कोणी समजावून सांगत नाही, पाठीवर हात फिरवत नाही. डिनीला त्या लेखनासाठी एमी पुरस्कार मिळाला. त्याहून मोठी गोष्ट ही, की हा भाग पाहिलेली मुले चाळिशीत पोचली तरी तो विसरलेली नाहीत.

आणि त्यानंतर अवघ्या तेवीस दिवसांनी त्याच मुलांपुढे काय ठेवले गेले?

शर्मन ग्रँट नावाचा एक मुलगा. शेरलॉक होम्स होण्याची हौस असलेला. त्याची मैत्रीण रॉबर्टा. या दोघांना आकाशात एक गिधाड दिसते आणि ते त्याचा माग काढत पक्ष्यांच्या दाण्यांच्या एका जुन्या कारखान्यात पोचतात. तिथे पेंग्विन नावाचा खलनायक चोरलेले फॅबर्जेचे अंडे घेऊन बसलेला. बॅटमॅन येतो, विषारी वायूने बेशुद्ध पडतो. मग ही पोरे त्याला त्याच्याच बॅटमोबिलमध्ये घालतात, ती गाडी चालवत घरी आणतात आणि बॅटमॅनला तळघरात निजवतात. पेंग्विन आपल्या गुंडांसह घरावर चालून येतो. मुले घरातल्या वस्तूंचे सापळे लावून गुंडांना गडबडा लोळवतात. एरवी शर्मनला छळणारी दोन दांडगी पोरेही या लढाईत त्याच्या बाजूने उतरतात. शेवटी बॅटमॅन शुद्धीवर येतो आणि पेंग्विनच्या तलवारीसारख्या छत्रीशी स्क्रूड्रायव्हर घेऊन लढतो. आनंदीआनंद. पडदा.

या कथेतल्या मूर्खपणाची यादी आम्ही करणार नाही. मूर्खपणा क्षम्य असतो. भुयारातून उसळत निघणारी ती गाडी शाळकरी पोराच्या हाताने रस्त्यावरून निमूट घरी जाते, हेही आम्ही सोडून देऊ. आमचा रोख वेगळ्या जागी आहे. या भागात एकाही माणसाला कशाचीही किंमत मोजावी लागत नाही. शर्मनला काही गमवावे लागत नाही. त्याच्यापुढे असा एकही क्षण येत नाही की जेव्हा पळून जाणे शहाणपणाचे आणि थांबणे धोक्याचे आहे हे त्याला कळते आणि तरीही तो थांबतो. त्याच्या तळघरात एक माणूस मृत्यूच्या दारात पडलेला आहे, आणि लेखकांना, म्हणजे सॅम ग्रॅहम आणि ख्रिस हबेल यांना, त्या माणसाच्या श्वासाचा आवाज एकदाही ऐकू आलेला नाही. बॅटमॅन हे या घरात एक अवजड सामान आहे. ते लपवायचे, झाकायचे, आईच्या नजरेआड करायचे, एवढाच त्याचा उपयोग.

पेंग्विनचे तर त्यांनी पुरते वाटोळे केले. या मालिकेत त्याचे पहिले दर्शन याच भागात. पहिले दर्शन! पॉल विल्यम्ससारखा कसलेला कलावंत आवाज द्यायला उभा, आणि त्याच्या तोंडी काय, तर पोरांच्या सापळ्यांवर चरफडण्याचे काम. या माणसात केवढी कथा दडली होती हे पुढे ‘बर्ड्स ऑफ अ फेदर’ या भागात दिसले. तुरुंगातून सुटलेला पेंग्विन खरोखर सुधारायचे ठरवतो, आणि बड्या घरची व्हेरॉनिका व्रीलंड त्याला केवळ आपल्या मेजवानीतली गंमत म्हणून वापरते. तिने आपल्याला तमाशा म्हणून बोलावले होते हे त्याला कळते, तो क्षण पाहणाऱ्या मुलाला आयुष्यभर पुरेल इतके काही शिकवून जातो. तोच पेंग्विन, तोच आवाज, तीच मालिका. म्हणजे ताकद नव्हती असे नाही. ३० सप्टेंबरला ती वापरावीशी वाटली नाही, कारण समोर मुले होती आणि कथेतही मुले होती, आणि दोन्हीकडे मुले असली की वाटेल ते चालते असा कोणाचा तरी पक्का समज होता.

आम्हाला सर्वांत जास्त राग कशाचा येत असेल तर तो या भागाच्या मूळ कल्पनेच्या नासाडीचा. कारण कल्पना वाईट नाही. कल्पना फार मोठी आहे. ज्याने रात्री अंथरुणात पडून आपला नायक आपल्या घरी आल्याचे स्वप्न पाहिले नाही असे मूल जगात नाही. गोवा असो, गॉथम असो, ते स्वप्न सारखेच. बॅटमॅन माझ्या घरात आहे! पण तो घरात येतो तो जखमी होऊन. बोलू शकत नाही. त्याला काय झाले आहे ते मला कळत नाही. डॉक्टरला बोलवावे तर त्याचे गुपित फुटते, न बोलवावे तर तो कदाचित मरेल. आईला सांगावे तर ती पोलिसांना फोन करील, न सांगावे तर मारेकरी दारावर आले की ते तिच्याही अंगावर येतील. वयाच्या अकराव्या वर्षी कोणी हे एकट्याने पेलायचे? पेलता येत नसतानाही पेलायला निघालेल्या मुलाची ती कथा झाली असती. त्याने चूक केली असती, तो रडला असता, त्याने स्वतःच्या हाताने त्या काळ्या मुखवट्याला पाणी पाजले असते, आणि त्या मुखवट्याखाली आपल्यासारखेच कोणीतरी आहे, थकलेले, तापाने फणफणलेले, हे त्याला पहिल्यांदा कळले असते. मूल आपल्या नायकाला वाचवते तेव्हा ते नायकाची उणीव पाहते, आणि उणीव पाहूनही त्याच्यावरची श्रद्धा सोडत नाही. मोठे होणे यालाच म्हणतात. हे सारे त्या तळघरात पडून होते. लेखकांनी त्यावर पाय देऊन पलीकडे उडी मारली आणि ‘होम अलोन’ची नक्कल केली. तो चित्रपट दोनच वर्षांपूर्वी, १९९० साली आला होता आणि त्याने रग्गड पैसा कमावला होता. नक्कल करायला एवढे कारण पुरले.

मुलाला केंद्रस्थानी ठेवून या मालिकेला लिहिताच येत नव्हते, अशी सबब कोणी पुढे करू नये. आम्ही ती आत्ताच मोडून काढतो. ‘आयव्ह गॉट बॅटमॅन इन माय बेसमेंट’चा दिग्दर्शक फ्रँक पॉर. याच पॉरने ‘बी अ क्लाउन’ हा भागही दिग्दर्शित केला, आणि तो दोनच आठवडे आधी, १६ सप्टेंबरला दाखवला गेला. महापौर हॅमिल्टन हिलचा मुलगा जॉर्डन. त्याला जादूगार व्हायचे आहे. बापाला त्याच्याकडे बघायला वेळ नाही, वाढदिवससुद्धा बापाच्या राजकारणाचा समारंभ होऊन बसलेला. तिथे खलनायक जोकर विदूषकाच्या वेशात येतो, आणि पोर बापापासून पळून त्याच विदूषकाच्या गाडीत लपून बसते. आपले कौतुक करणारा पहिला मोठा माणूसच खुनी आहे हे त्या मुलाला हळूहळू उमगते. एका बाजूला आपल्याशी गोड बोलणारा जोकर, दुसऱ्या बाजूला भीतिदायक दिसणारा बॅटमॅन, आणि त्यातून कोणाचा हात धरायचा हे त्या पोराने ठरवायचे. त्याची भीती पडद्यावर दिसते. निर्णय त्याचा असतो. ‘हा हात धर’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवणे किती अवघड असते हे पाहणाऱ्या प्रत्येक मुलाला कळते, कारण ते त्याच्या रोजच्या जगण्यातले आहे. तोच दिग्दर्शक, तोच महिना, नायक तसाच एक मुलगा! फरक एवढाच की पहिल्या कथेने मुलाला माणूस मानले आणि दुसरीने त्याला प्रेक्षकांच्या वयोगटाचा प्रतिनिधी मानले.

आणखी एक दाखला देतो, कारण तो दिल्याशिवाय आमचे समाधान होणार नाही. फेब्रुवारी १९९३ मध्ये मार्टिन पास्कोने लिहिलेला ‘सी नो इव्हिल’ आला. किमी नावाच्या चिमुरडीला रात्री मोजो नावाचा न दिसणारा मित्र भेटायला येतो, तिच्यासाठी भेटवस्तू आणतो. तो मोजो म्हणजे तिचाच बाप, शिक्षा भोगून आलेला, कोर्टाने जवळ जायला मनाई केलेला, अदृश्य करणाऱ्या चोरलेल्या पोशाखात लपलेला. त्याचे प्रेम खरे आहे आणि त्याच प्रेमापोटी तो तिला पळवून न्यायला निघतो. घटस्फोट, तुरुंग, मुलावरचा हक्क, बापाची भीती वाटणे आणि तरीही बाप हवासा वाटणे: हे सगळे एका लहान मुलीच्या डोळ्यांतून, वीस-बावीस मिनिटांत. त्या दुपारी अमेरिकेत किती मुले आईबापांच्या भांडणाच्या आवाजात हा भाग बघत असतील याचा विचार करा आणि मग आम्हाला सांगा, मुलांना जड विषय झेपत नाहीत हे कोणत्या तोंडाने म्हणता? मुले ते विषय जगत असतात. झेपत नाही ते तुम्हाला.

‘मुलांना मुलेच नायक म्हणून हवी असतात’ हे वाक्य या धंद्यात वेदवाक्यासारखे चालते. त्याचा उगम जुना आहे. मे १९३९ मध्ये ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७ व्या अंकात बॅटमॅन पहिल्यांदा आला आणि एक वर्ष व्हायच्या आत, एप्रिल १९४० मध्ये, त्याच्या जोडीला रॉबिन आणला गेला, बालवाचकांना आपल्यासारखे कोणी दिसावे म्हणून. तो डाव साधला हे खरे. पण तो का साधला हे या वाक्याचा जप करणारे विसरतात. रॉबिन निव्वळ वयामुळे मुलांचा झाला नाही. सर्कशीत झुल्यावरचा दोर तुटून त्याचे आईवडील डोळ्यांदेखत मरतात आणि मग तो बॅटमॅनच्या दारात येतो. याच मालिकेने ‘रॉबिन्स रेकनिंग’मध्ये ती घटना दाखवली तेव्हा पडणारी माणसे दाखवलीच नाहीत, फक्त तुटलेला दोर झुलत परत आला. तो दोर पाहून ज्या मुलाच्या अंगावर काटा आला, त्या मुलाला डिक ग्रेसन, म्हणजेच रॉबिन, आपला वाटला. आणि बॅटमॅन स्वतः कोण आहे? गल्लीत आईबापांना गोळ्या लागताना पाहिलेला एक मुलगा. तो मुलगा मोठा झाला, त्याचे खांदे रुंद झाले, पण तो त्या गल्लीतून कधी बाहेर आला नाही. बॅटमॅनच्या प्रत्येक कथेत एक मूल आधीपासून असतेच. ज्यांना हे दिसले नाही त्यांनी बाहेरून दुसरे मूल आणून घातले, चष्मिष्ट, चुणचुणीत, आणि ज्याच्यात खरे मूल होते त्याला बेशुद्ध करून तळघरात टाकले.

आम्ही मराठी वाचकांसाठी लिहितो, म्हणून इथे एक गोष्ट सांगणे भाग आहे. पोरसवदा शोधनायक म्हणजे काय हे आम्हाला कोणी अमेरिकेतून शिकवायला नको. भा. रा. भागवतांनी फुरसुंगीचा बनेश फेणे उभा केला, त्याला पुण्याच्या विद्याभवनात घातले, सायकलवर बसवले आणि संकटात लोटले. फास्टर फेणेच्या संकटांत भीती असते, धाप असते, गुडघे फुटतात, आणि वाचणारा पोरगा पान उलटताना श्वास रोखतो, कारण भागवतांनी त्याला फसवले नाही. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’त दिलीप प्रभावळकर चिंची चेटकीण होऊन रंगमंचावर येत तेव्हा पहिल्या रांगेतली मुले आईला बिलगत, ती चेटकीण हसवणारी होती आणि भेसूरही होती, आणि मुले तिला पुन्हा पुन्हा पाहायला जात. भय हे मुलांचे हक्काचे अन्न आहे. ते काढून घेऊन त्यांच्यापुढे निर्धोक धमाल ठेवणारा माणूस त्यांच्यावर माया करत नाही. आज मराठी घरांत दिवसभर चालणाऱ्या बालवाहिन्यांवर जे डब होऊन येते आणि जे इथेच तयार होते, त्यातले कितीतरी त्या १९९२ च्या तळघरातलेच आहे: कोणाला लागत नाही, कोणी हरत नाही, खलनायक घसरून पडतो, नायक दात काढतो. पालक म्हणतात, मुलांचेच तर आहे. हे वाक्य आम्ही ऐकतो तेव्हा आमचे रक्त उसळते. मुलांचेच आहे म्हणून तर ते चोख हवे!

बचावाचे दुसरे शस्त्र म्हणजे: ‘पण मुलांना तो भाग आवडला.’ हो, आवडला. स्वतः ब्रूस टिमनेही ते पुढे मान्य केले आहे. मुलांना तो आवडला कारण बॅटमॅन आपल्या घरी येण्याचे स्वप्न त्यांचे स्वतःचे होते. ती हाक त्यांच्या मनातून आधीच निघालेली होती, या भागाने फक्त तिचे नाव आपल्या कपाळावर लावले. त्या आवडीचे श्रेय लेखकांना नाही. मुलाची आवड हा निर्मात्याचा निर्दोषपणा ठरत असेल तर मुलांना काहीही विकणारा प्रत्येक जण निर्दोष ठरेल. अमेरिकेच्या काँग्रेसला हे कळत होते. म्हणूनच १९९० साली मुलांच्या दूरचित्रवाणीचा कायदा करून कार्यक्रमांमधल्या जाहिरातींना तासाला मिनिटांची मर्यादा घालावी लागली. मूल भुलते हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणूनच त्याला भुलवणाऱ्यावर बंधन हवे, आणि सर्जनशील माणसावर ते बंधन त्याच्या स्वतःच्या लाजेचे असले पाहिजे.

बंधनांची गोष्ट निघालीच आहे. फॉक्सचे प्रसारण-नियम बघणारे लोक या मालिकेवर डोळ्यांत तेल घालून बसले होते. रक्त नको, गळा दाबणे नको, काच फुटताना माणूस त्यातून जायला नको, दारू-सिगारेट नको, मूल धोक्यात नको. टिम आणि त्याचे सहकारी या यादीशी रोज झगडत. त्या यादीतले काही नियम शहाणपणाचेही असतील. पण त्या लांबलचक यादीत एक ओळ नव्हती: मुलाच्या बुद्धीचा अपमान नको. फुटलेल्या काचेची भीती वाटणाऱ्यांना या भागात आक्षेपार्ह काही सापडले नाही. सापडणार तरी कसे! त्यांच्या मापाने हा भाग निष्कलंक होता. मूल धोक्यात आहे असे कथा म्हणते आणि ते कधीच धोक्यात नसते. नियमांचे पालनही झाले आणि खोटेही बोलून झाले.

उरला शेवटचा बचाव: फॉक्सने ६५ भागांची मागणी एकदम नोंदवली होती, रोज दुपारी काहीतरी दाखवायचे होते, एखादा भाग पडणारच. पडू दे की. या मालिकेत इतरही लंगडे भाग आहेत, आम्ही त्यांच्याविरुद्ध एक अक्षर लिहिलेले नाही. प्रयत्न करून पडलेल्याला आम्ही हात देऊ. पण या भागाबद्दल ब्रूस टिमने पुढे एका मुलाखतीत जे सांगितले ते वाचून आमचा संयम सुटला. आपल्याला हा भाग बघवत नाही, संहिता हाती आली तेव्हाच ती टाकाऊ होती, आणि ती वाचवता येणार नाही असे वाटल्याने आपण वाचवायचा प्रयत्नही केला नाही, अशा आशयाची कबुली त्याने दिली. टिमच्या प्रतिभेपुढे आम्ही मान तुकवतो. ज्याने ‘हार्ट ऑफ आइस’ दिग्दर्शित केला त्याच्याविषयी आमच्या मनात कृतज्ञताच आहे. म्हणूनच ही कबुली आम्हाला इतकी बोचते. ज्याला कळत नव्हते त्याने वाईट काम केले तर ते अज्ञान. ज्याला सर्वांत जास्त कळत होते त्याने हात बाजूला केला, याला काय म्हणायचे?

आणि हात बाजूला करायची वेळ एकदाच आली नव्हती. असा एक भाग तयार व्हायला महिनोन्‌महिने लागत. संहिता मंजूर होते; नट जमतात आणि आवाज ध्वनिमुद्रित होतात; प्रसंगामागून प्रसंगाची रेखाटने भिंतीवर लागतात; मग ते सगळे समुद्रापलीकडे आशियातल्या स्टुडिओंकडे जाते, तिथे हजारो चित्रे हाताने काढली जातात, रंगतात, परत येतात, संकलित होतात; त्यावर वाद्यवृंद बसतो. या प्रत्येक पायरीवर कोणालाही ‘थांबा’ म्हणता आले असते. याच मालिकेत दक्षिण कोरियाच्या एकॉम या स्टुडिओचे चित्रण काही भागांत गचाळ निघाले, हालचाली विस्कटल्या, तेव्हा त्याच्याकडून काम काढून घेण्यात आले. रेघ वाकडी गेली तर शिक्षा करण्याइतकी शिस्त त्या घरात होती. मग ही कथा त्या सगळ्या टेबलांवरून पुढे सरकत असताना ती फाडून टाकायला कोणाचा हात का उठला नाही, याचे उत्तर ज्यांनी ती पुढे सरकवली त्यांनी द्यावे. ते आम्ही आजही मागत आहोत.